फटफटीचे गुडघे

गेले वर्षभर या सदरात आपण घरातल्या यंत्रांची विचारपूस केली. गीझरची कॉइल झाली, पंख्याचा कंडेन्सर झाला, शिलाई यंत्राचा टाका का सुटतो तेही पाहिले. दिवाळी अंकात संपादक नेहमीपेक्षा ऐसपैस जागा देतात, तेव्हा आज उंबरठा ओलांडून जिन्याखाली जाऊ. तिथे आपली मोटारसायकल उभी असते. घरातल्या माणसांचा जीव जिच्यावर रोज दोन वेळा टांगलेला असतो, तिची चौकशी आपण पेट्रोल आणि हवा एवढ्यापुरतीच करतो.

निमित्त माझ्या भाच्याचे. गेल्या पावसाळ्यात तो आणि सूनबाई सिंहगड रस्त्याने घरी येत होते. वेग ताशी चाळीस, म्हणजे फार नव्हे. पुढची रिक्षा थांबली, त्याने ब्रेक दाबला, गाडीने नाक खाली घातले आणि नेमका त्याच क्षणी पुढच्या चाकाखाली खड्डा आला. ‘ठक्क’ असा लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज झाला, हँडल हातातून हिसकले आणि दोघे रस्त्यावर. भाच्याचे कोपर सोलवटले. सूनबाईचे मनगट मोडले. सहा आठवडे प्लॅस्टर. खड्डा कोणाचा, हा प्रश्न या सदराच्या कक्षेत येत नाही. तो ‘ठक्क’ आवाज मात्र येतो.

प्लॅस्टर ओले होते तोवरच घरात दोन पक्ष पडले. माझी बहीण म्हणे, “दादा, ती गाडी आधी विकायला सांग त्याला.” भाच्याने मोबाइलवर एक चित्र काढून माझ्या पुढ्यात धरले. सोनेरी रंगाचे, मांडीएवढे जाड दिसणारे, उलटे शॉकअप! “मामा, पुढचं सस्पेन्शनच बदलून टाकतो. मोठ्या गाडीचं आहे. हे असतं ना, तर पडलोच नसतो.” किंमत ऐकली. त्याच्या बारा वर्षांच्या गाडीचे आज बाजारात जे काही येईल, त्याहून ती जास्त होती. सूनबाई इतका वेळ गप्प होती. ती एवढेच म्हणाली, “मी परत मागे बसणार आहे, असं कुणी धरलंय?”

या प्रश्नावर आम्ही तिघेही खाली पाहू लागलो.

आता गाडीकडे वळू. मोटारसायकलचे पुढचे चाक ज्या दोन पायांत धरलेले असते त्याला फोर्क म्हणतात. आपल्या गॅरेजच्या भाषेत पुढचे शॉकअप. प्रत्येक पायात एक चकचकीत पाइप, तो खालच्या जाड नळकांड्यात सरकतो. आत एक लांब स्प्रिंग आणि पेलाभर तेल. बस्स. माणसाच्या गुडघ्याचे जे काम, तेच याचे. जिना उतरताना पायरी चुकली तर गुडघा वाकतो म्हणून आपण वाचतो. पण गुडघा आधीच पूर्ण वाकलेला असताना पायरी चुकली तर? ‘ठक्क’ आवाज तो हाच.

शॉकअपचा हेतू बसणाऱ्याला गादीचे सुख देणे हा आहे, असा सार्वत्रिक गैरसमज आहे. सुख मिळते, पण ते वरकड. खरा हेतू टायर जमिनीला चिकटवून ठेवण्याचा. जे चाक क्षणभर हवेत आहे त्याला ना ब्रेक लागत, ना ते वळत. शॉकअप तळाला टेकला की पुढचा धक्का स्प्रिंग घेत नाही, थेट हँडल घेते आणि चाक उडते. नावातही घोटाळाच आहे. ‘शॉकअब्सॉर्बर’ म्हणजे धक्का शोषणारा; परंतु धक्का घेते ती स्प्रिंग, आणि घेतल्यानंतर ती जी उसळ्या मारीत राहते ती आवरते ते तेल. दोघांचे संसार वेगळे आहेत आणि दुखणीही वेगळी.

ही जोडी जमायला वेळ लागला. इंग्लंडात आल्फ्रेड स्कॉट यांनी १९०८ च्या सुमारास आपल्या गाडीला सरकत्या नळीचा फोर्क लावला, पण उसळी आवरणारे तेल त्यात नव्हते. पुढे बरीच वर्षे समांतर दांड्यांचा ‘गर्डर’ फोर्कच राज्य करीत होता. तेलाने आवरलेला सरकता फोर्क विक्रीच्या गाडीवर आणला तो बीएमडब्ल्यूने, १९३५ साली, आर १२ आणि आर १७ या गाड्यांवर. १९४१ मध्ये मॅचलेसने लष्करी गाडीला तसाच फोर्क दिला, आणि युद्धानंतर साऱ्या जगाने तो उचलला. त्याचा एक दोष मात्र पहिल्या दिवसापासून आहे: ब्रेक मारला की गाडी नाक खाली घालते. बीएमडब्ल्यूनेच १९५५ पासून काही वर्षे दुसऱ्या जातीचा, अर्ल्स नावाचा फोर्क वापरला; त्यात ब्रेक मारला की गाडीचा पुढचा भाग उलट किंचित वर येतो. आपल्याकडच्या जुन्या राजदूतचा पुढचा फोर्क याच घराण्यातला होता. दुधाच्या चरव्या लावून ती गाडी खेडोपाडी फिरली, तिच्या मालकांना अर्ल्स कोण हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

नाक खाली का जाते, याचा हिशेब सोपा आहे. भाच्याची गाडी १४० किलो, तो ७५, सूनबाई ५८, एकूण २७३. पुढच्या-मागच्या चाकांच्या आसांतले अंतर १३२ सेंटिमीटर, आणि सगळ्या वजनाचा मध्य जमिनीपासून सुमारे ६८ सेंटिमीटर उंच धरू. ताशी चाळीस वेगावरून बारा-तेरा मीटरमध्ये गाडी थांबवली, तर मागच्या चाकावरचे जवळजवळ ७० किलो वजन उचलून पुढच्या चाकावर येते. म्हणजे एक अख्खा माणूस अचानक हँडलवर येऊन बसला म्हणा ना! शिवाय फोर्क तिरका असल्यामुळे खुद्द ब्रेकचा जोरही त्याला दाबतो, तो निराळाच.

तेव्हा मी भाच्याला म्हटले, “सोन्याचं नंतर पाहू. आधी लोखंडाचं माप घेऊ.” माप घ्यायला लागते एक मोजपट्टी, दोन माणसे आणि इलेक्ट्रिशियन वायरी बांधतो ती प्लॅस्टिकची पट्टी, झिप टाय. ही पट्टी वरच्या पाइपभोवती, खालच्या नळकांड्याला टेकवून, सहज सरकेल अशी बांधायची. शॉकअप दबला की पट्टी वर ढकलली जाते आणि तिथेच राहते. किती दबला याची ती न बोलणारी साक्षीदार.

प्रथम पुढचे चाक अधांतरी करून पाइप किती उघडा दिसतो ते मोजले. मग भाचा नेहमीच्या कपड्यांत, हेल्मेट घालून गाडीवर बसला, मी गाडी सरळ धरली आणि सूनबाईने डाव्या हाताने मोजपट्टी लावली. गाडी एकदा दाबून हळूच वर येऊ दिली, एकदा उचलून हळूच खाली येऊ दिली. दोन्ही मापांची सरासरी घेतली, कारण आतल्या घर्षणामुळे दोन्ही वेळा माप थोडे वेगळे येते. या शॉकअपची एकूण चाल १३० मिलिमीटर. रस्त्यावरच्या गाडीत स्वार नुसता बसला असता तिचा चौथा ते तिसरा हिस्सा खर्च व्हावा, म्हणजे ३३ ते ४३ मिलिमीटर. आमचे माप आले ५६. दोघे बसले तेव्हा ६३. गाडी सुरू होण्याआधीच गुडघे अर्धे वाकलेले!

नंतर मोकळ्या सपाट रस्त्यावर मी मागे बसलो (बहिणीने देवापुढे दिवा लावला असावा), भाच्याने नेहमीसारखा पण दमदार ब्रेक मारला. पट्टी १२४ वर जाऊन थांबली. खड्ड्यासाठी शिल्लक राहिले सहा मिलिमीटर. सूनबाईने तो आकडा वाचला आणि आपल्या प्लॅस्टरकडे पाहिले.

इथून पुढे सुधारणा म्हणजे काय काय करता येते, ते पाहू. यात बाजारू समजुती फार आहेत.

पहिली समजूत टोपणाखाली चकत्या घालण्याची. जुने मिस्त्री तर चक्क नाणी घालीत. त्याने स्प्रिंग आधीच थोडी दाबून बसते, गाडी पुढून उंच होते, माप सुधारल्यासारखे दिसते. पण स्प्रिंग तीच, तिचा कणखरपणा तोच. जो धक्का बसेल त्याला ती तेवढीच दबणार. फक्त सुरुवात थोडी वरून करणार. बारीक दुरुस्तीला चकती चालते, खऱ्या दुखण्यावर ते औषध नव्हे.

दुसरी समजूत जाड तेलाची. शॉकअप खाली जातो ना, मग घट्ट तेल घाला! स्वस्त गाड्यांत तेल एका ठरावीक भोकातून ये-जा करते. रंगपंचमीची पिचकारी आठवा. दट्ट्या हळू दाबला तर पाणी मुकाट्याने निघते. जोराने दाबला तर हात अडतो. वेग दुप्पट केला तर अडवणूक चौपट होते. ब्रेक मारल्यावर गाडी तुलनेने हळू दबते, तिथे हे भोक फारशी हरकत घेत नाही. खड्ड्याची कड बसते ती फटकन, तिथे ते भिंतीसारखे अडते. जाड तेल घातले की ब्रेकला थोडा फरक पडतो आणि खड्ड्याला हाताची हाडे हलतात. वर डब्यावरच्या ‘१०’ किंवा ‘१५’ या आकड्यांवरही विसंबू नये. एका कंपनीचे दहा नंबरचे तेल दुसरीच्या दहा नंबरइतकेच पातळ असते असे मुळीच नाही. डब्याच्या माहितीपत्रकात ४० अंश सेल्सियसला तेलाचा दाटपणा किती, तो आकडा असतो. तुलना करायची तर त्याची.

मोठ्या गाड्यांसाठी यावर एक सुरेख तोड निघाली आहे. आतल्या नळीच्या डोक्यावर स्प्रिंगने दाबून धरलेली एक छोटी झडप बसवतात आणि नळीची भोके मोठी करतात. हळू दाबाला झडप आपल्या बारीक भोकाने आवरते, फटका बसला की उघडून वाट देते. जाड फोर्क असलेल्या गाडीचा मालक खर्च करायला बसलाच असेल, तर चकाकीपेक्षा या झडपेवर करावा असे माझे मत. भाच्याच्या गाडीचा पाइप अवघा ३१ मिलिमीटर. तिला मी त्या वाटेला नेले नाही.

मुख्य औषध म्हणजे योग्य कणखरपणाची स्प्रिंग. इथे एक गंमत ध्यानात ठेवावी: स्प्रिंगचा कणखरपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. चार मिलिमीटरची तार ४.२ केली, तर जाडी वाढली पाचच टक्के, स्प्रिंग मात्र सुमारे २१ टक्के कणखर. डोळ्यांना फरक दिसत नाही, गाडीला दिसतो. काही मिस्त्री जुन्या स्प्रिंगचे वेढे कापून तिला कणखर करतात. हिशेबाने ते बरोबर आहे, वेढे कमी तर स्प्रिंग कणखर. पण कापलेले टोक नीट बसवून घासले नाही तर ते पाइप आतून कोरते, आणि उरलेले वेढे एकमेकांना भिडणार नाहीत ना हे पाहावे लागते. कसबी हात असेल तरच त्या वाटेला जावे.

आणि सोनेरी शॉकअप? त्यांच्यावर अन्याय नको. त्यांत जाड नळी वर, जिथे वाकण्याचा जोर जास्त तिथे असते. त्यामुळे ते कमी लवतात, वेगात वळताना ते जाणवते. परंतु ते आपल्या गाडीला लावायचे म्हणजे वरची टी बदलली, चाकाचा आस बदलला, ब्रेक बदलला, एबीएस असेल तर त्याची चकती नि वायर आली. उंची २५ मिलिमीटरने जरी कमी भरली, तरी फोर्क सुमारे एक अंशाने उभा होतो आणि सरळ रस्त्यावरची गाडीची स्थिर चाल बदलते. शिवाय त्यातली स्प्रिंग त्या मोठ्या गाडीच्या वजनासाठी असते, आपल्या नव्हे. कायदाही आहे. नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करू नये, असे मोटार वाहन कायदा, १९८८ चे ५२ वे कलम सांगते. आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत फेरफारांना मनाई स्पष्ट केली. मी भाच्याला विचारले, “पुन्हा अपघात झाला आणि विमा कंपनीच्या माणसाने हे सोनेरी पाय पाहिले, तर काय सांगशील?” त्याने मोबाइल खिशात घातला.

एका रविवारी आमच्या ओळखीच्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गाडी नेली. पुढचे चाक अधांतरी, गाडी पक्की टेकवलेली. टोपण सोडताना त्यांनी तोंड बाजूला केले आणि भाच्यालाही करायला लावले. खालून स्प्रिंगचा दाब असतो, शेवटचा आटा सुटताच टोपण बंदुकीसारखे उडू शकते. तेल ओतले ते काळेकुट्ट, आणि वास असा की शेजारचा पानवाला चौकशीला आला. एका पायातून पुस्तकातल्या मापाच्या पाऊण भागच निघाले. उरलेले कुठे गेले, ते दुसऱ्या कोणी सांगायला नको होते: ऑइल सील झिरपत होते, आणि त्याच बाजूला ब्रेकची चकती. तेल त्या चकतीपर्यंत पोचले असते तर ब्रेकच्या गप्पा मारायलाच नको.

तेल कमी म्हणजे वरची हवा जास्त. हीसुद्धा एक स्प्रिंगच असते बरे का! तेलावर १५० मिलिमीटर उंच हवा कोंडलेली असेल आणि शॉकअप १०० मिलिमीटर दबला, तर हवा एक तृतीयांश जागेत येते आणि तिचा दाब तिप्पट होतो. अगदी शेवटी, तळ गाठण्याच्या बेतात असताना, हीच हवा हात देते. तेल कमी असल्याने आमच्या गाडीत तोही हात आखडला होता.

स्प्रिंगची परीक्षा मी मिस्त्रींच्याच ड्रिल स्टँडवर घेतली. खाली सूनबाईचा वजनकाटा, त्यावर उभी स्प्रिंग, वाकू नये म्हणून आत लाकडी दांडा. ५० मिलिमीटर दाबल्यावर काटा २४ किलो दाखवू लागला. मिस्त्रींनी खोक्यातून दुसऱ्या एका गाडीच्या, अगदी त्याच घेराच्या, लांबीच्या आणि तेवढ्याच वेढ्यांच्या दोन कोऱ्या स्प्रिंगा काढल्या. तार ४.२ मिलिमीटर. काटा २९ च्या थोडा वर गेला. कागदावरचा चौथा घात काट्यावर उतरलेला पाहून मला जो आनंद झाला, तो मिस्त्रींना समजला नाही. ते म्हणाले, “साहेब, मी बोटाने दाबूनच सांगितलं असतं.”

नवी सील, पुस्तकात सांगितलेल्या दाटपणाचे नवे तेल. ते माप भांड्याने न घेता पाइपात पट्टी घालून पातळी पाहून घेतले, म्हणजे दोन्ही पाय सारखे. पाइप काचेवर लोळवून वाकला नाही ना ते पाहिले. हँडल फिरवताना मध्ये खाच लागत होती, म्हणून कोनसेटही बदलला. त्यावाचून बाकीचे सगळे व्यर्थ होते. ज्याचा कोनसेट गेला आहे त्याने शॉकअपचा विचारही करू नये. मजुरीसकट सारा खर्च सोनेरी शॉकअपच्या दहाव्या हिश्श्याच्या आत बसला.

पुन्हा मोजमाप. भाचा एकटा बसला तेव्हा ४०, दोघे बसले तेव्हा ४६. पुन्हा मी मागे बसलो, पुन्हा तोच रस्ता, तसाच ब्रेक. पट्टी १०१ वर. आता खड्ड्यासाठी २९ मिलिमीटर उरले. ते काही फार नाहीत. हातभर खड्ड्यापुढे कोणताही शॉकअप हात टेकतो, आणि ओल्या रस्त्यावर चाक घसरायचे तर घसरतेच. हे मी भाच्याला आणि बहिणीला स्पष्ट सांगितले. बारीक खडबडीवर गाडी आता पूर्वीपेक्षा थोडी कडक लागते, ही तक्रार त्याने लगेच केलीच. मी म्हटले, लागू दे.

प्लॅस्टर निघाले, व्यायाम झाले, नवरात्र आले. अष्टमीला संध्याकाळी दोघे देवीला निघाले, तेव्हा मी त्यांच्याकडेच होतो. भाच्याने गाडी बाहेर काढली. सूनबाई आली, पण मागे बसली नाही. पुढे जाऊन वाकली, पाइपावरची ती प्लॅस्टिकची पट्टी बोटाने खाली सरकवून टेकवली, आणि म्हणाली, “परत आल्यावर बघणार आहे मी, कुठवर गेली ते.”

रात्री साडेनऊला ती वर आली. मोजपट्टी तिने पर्समध्येच नेली होती. “अठ्ठ्याऐंशी,” ती म्हणाली, आणि चहाचे आधण ठेवायला आत गेली.